निर्णयसागरची अक्षरं नक्की कोणाची?

शिरोरेघा

निर्णयसागर छापखान्याविषयी कुठलाही लेख काढा, क्रम ठरलेला असतो. जावजी दादाजी चौधरी, जन्म मुंबईत, १८३९. घरची गरिबी, म्हणून लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला. पुढे इंदुप्रकाशसारख्या छापखान्यांत नोकरी. १८६४ साली टाइप ओतायचा स्वतःचा कारखाना, १८६९ साली निर्णयसागर. १८९२ साली निधन, त्यानंतर चिरंजीव तुकाराम जावजी. मग संस्कृत ग्रंथांची भलीमोठी यादी आणि शेवटी ‘सुबक, ठसठशीत, वळणदार टाइप’.

माझा प्रश्न या शेवटच्या तीन विशेषणांपाशी आहे. ही वळणं काढली कोणी? जावजींचे स्नेही राणोजी रावजी आरू पंच कोरत, हे बऱ्याच लेखांत येतं, पण येता-जाता, एका ओळीत. त्यांच्याही मागे थॉमस ग्रॅहम, ज्यांच्या हाताखाली जावजी मिशन प्रेसमध्ये शिकले. ग्रॅहम तर कित्येकदा त्या ओळीतही नसतात.

माझं मत आधीच सांगते. आरूंचं नाव जावजींच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या टायपात यायला हवं. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांच्याकडे निर्णयसागरची जुनी पुस्तकं असतील त्यांनी कृपया अक्षरांबद्दल लिहा.

मोडीप्रेमी

उत्तम विषय. वाचतोय.

पाटीपेन्सिल

पंच कोरणं म्हणजे नक्की काय? लाकडावर अक्षर कोरून त्याचा शिक्का मारतात तसं काही का? माझा या धंद्याशी काडीचा संबंध नाही, पण प्रश्न आवडला.

जुनाजुळारी

पाटीपेन्सिल, लाकडावर नाही, पोलादावर. मी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यात उमेदवारी केली आहे आणि पंच कोरणारा एक म्हातारा कारागीर काम करताना जवळून पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोटभर लांबीची मऊ पोलादाची चौकोनी कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं. आधी अक्षराच्या पोटातली पोकळी साधायची. ‘व’चं पोट, ‘ठ’चा गोल, ‘ळ’चे दोन गोल. मग बाहेरची बाजू कानशीने उतरवत आणायची. मधूनमधून कांडीचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचं, काजळी धरली की कागदावर हलकेच टेकवायचं. तो काळा ठसा हेच प्रूफ. त्यात ‘ग’चा दांडा जाड वाटला तर आणखी घासता येतो, पण बारीक झाला तर तो पंच फुकट. घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. म्हातारबाबा एकेका ठशाकडे भिंग लावून इतका वेळ बघायचे की आम्हाला वाटायचं, डोळा लागला की काय.

पसंत पडलं की पंच तापवून, पाण्यात बुडवून कडक करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तिथे उमटलेला खोलगट ठसा म्हणजे मॅट्रिस. ती साच्यात बसवून शिसं, अँटिमनी आणि कथलाचा रस ओतला की खिळा तयार. खिळ्याच्या बुडाला जादा धातूची शेपटी राहते, ती मोडायची आणि बाजू घासून सपाट करायच्या.

लहानगा जावजी करत होता ते हे शेवटचं घासकाम. ऐकायला हलकं वाटतं. पण रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, बालबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, मात्र प्रत्येक खिळ्याची शिरोरेघ शेजारच्या खिळ्याला टेकावी लागते. घासताना केसभर कमीजास्त झालं की रेघ तुटलेली दिसते नाहीतर वरखाली होते. निर्णयसागरच्या जुन्या पुस्तकाचं पान तिरकं धरून रेघेकडे पाहा. अख्ख्या ओळीवर सलग जाते.

पाटीपेन्सिल

वा! जुळारीकाका, हे कुठे वाचायला मिळालं नसतं. आता ‘ळ’ लिहिताना त्या माणसाची आठवण येणार.

कोलभाटगल्ली

शिरोरेघाताई, प्रश्न चांगला आहे पण तुमच्या मताशी मी सहमत नाही.

नुसत्या वळणामुळे निर्णयसागरचं नाव झालं असं मला वाटत नाही. नाव झालं ते शुद्धतेमुळे. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांना हाताशी धरून जावजींनी १८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू केली. अप्रसिद्ध संस्कृत काव्यं हस्तलिखितांवरून तपासून क्रमाने छापायची. याच दोघांनी संपादलेला कथासरित्सागर १८८९ चा. नंतर वासुदेवशास्त्री पणशीकरांसारखे शास्त्री तिथे होते. संस्कृतात एक अनुस्वार हलला की अर्थ हलतो, आणि काशीपासून कांचीपर्यंतचे पंडित ‘निर्णयसागर पाठ’ म्हणून या पुस्तकांवर विसंबले. हे पंचामुळे होत नाही. त्यासाठी पंडितांना पगार देणारा, दहादा प्रूफं काढू देणारा आणि पुस्तक खपेपर्यंत कळ काढणारा मालक लागतो. कुठल्याही मोठ्या विद्यालयात न गेलेल्या माणसाने हे केलं, यातच जावजींचं मोठेपण आहे.

ज्याने भांडवल घातलं, जोखीम घेतली, त्याचं नाव पाटीवर येतं. त्यात अन्याय कसला?

शिरोरेघा

कोलभाटगल्ली, जावजींचं मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. पण तुम्ही ग्रंथांच्या शुद्धतेचं श्रेय देताना दुर्गाप्रसाद, परब, पणशीकर अशी तीन नावं सहज घेतलीत. ती पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेली आहेत म्हणून तुम्हाला ठाऊक आहेत. अक्षराच्या बाबतीत मात्र ‘मालकाचं नाव पुरे’ असं का? संपादकाला नाव आहे, मुद्रकाला आहे, प्रकाशकाला आहे. पंच कोरणाऱ्यालाच तेवढं नाही.

कोलभाटगल्ली

हा मुद्दा बिनतोड आहे. विचार करतो.

भंडारीवाडा

जावजींच्या आधीचे गणपत कृष्णाजी कुठे गेले? या धाग्यावर पहिला मान त्यांचा.

हेही मिशनच्याच छापखान्यात काम शिकले. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’मध्ये त्यांची हकिगत दिली आहे, ती मुळातून वाचण्यासारखी आहे. इंग्रजांची पुस्तकं पाहून या गृहस्थांच्या मनाने घेतलं की आपल्या लोकांचे धर्मग्रंथही असेच छापावेत. जवळ पैसा नाही, यंत्र नाही, शिकवायला कोणी नाही. घरीच लाकडाचं यंत्र केलं. दगडाचे लहान लहान तुकडे मिळवून त्यांवर छापून पाहिलं. शाई विकतची नको म्हणून तीही स्वतः तयार केली. मग लोखंडी यंत्र आणलं आणि १८३१ साली शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. पुढे खिळेही स्वतःचे तयार केले.

शिरोरेघाताईंच्या प्रश्नाला हे एक उत्तरच आहे. इथे यंत्र, शाई, अक्षर, छपाई सगळं एकाच माणसाच्या हातचं. श्रेयाची वाटणी करायची वेळच येत नाही.

अनुस्वार

आणि ती तुपाची शाई! छापील कागदाला शिवायचं नाही, शाईत चरबी असते, म्हणून सोवळी मंडळी पोथी हातात घेईनात. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली असं सांगतात. पुस्तकाला साजूक असं विशेषण लावावं तर यालाच. :)

सरदारगृह

अनुस्वार, :D :D पोथीला मुंग्या लागत असतील!

पण यातली धंद्याची समज बघा. लोकांची शंका हसण्यावारी नेली नाही, त्यांच्याशी वाद घातला नाही, शाई बदलली. पंचांग निवडलं तेही बरोबर. दरवर्षी नवं लागतं आणि घराघरांत लागतं. गावच्या जोशीबुवांनी एकदा छापील पंचांग मांडीवर घेतलं की बाकीच्यांचा विटाळ आपोआप गेला.

बोरू

याच्याही मागे जायचं तर नाना फडणविसांकडे जावं लागेल. चार्ल्स मॅलेट पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट (वकील) असताना नानांनी गीता छापायचं मनावर घेतलं होतं. एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवलं गेलं. नानांच्या हयातीत ते तडीस गेलं नाही. तो कारागीर पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली मिरजेत पत्र्यांवरून गीता छापली गेली. हे सुटे खिळे नव्हेत, अख्खं पान एका पत्र्यावर. नानांचं नाव आपल्याला ठाऊक, पटवर्धनांचं ठाऊक. तांबटाचं नाव शाळेत कोणी शिकवलं?

पोर्तुगीजचर्च

खरं तर गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. भाषा मराठी, पण लिपी रोमन! आपल्या लिपीचे खिळे पाडणं किती जिकिरीचं होतं याचा अंदाज यावरून येतो. यंत्र आलं तरी अक्षर यायला अडीचशे वर्षं लागली.

सुरतेच्या भीमजी पारेखांचं उदाहरणही असंच. त्यांच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठवला. त्याला छापता येत होतं, खिळे पाडता येत नव्हते. सगळा बेत तिथेच अडला. मालक होता, पैसा होता, यंत्र होतं, मुद्रक होता. पंच कोरणारा नव्हता. कोलभाटगल्ली यांनी याचं उत्तर द्यावं.

कोलभाटगल्ली

एकेक करून घेरताय काय! :)

देतो उत्तर. भीमजींकडे कारागीर नव्हता हे खरं. पण कारागीर असूनही नाव झालं नाही अशीही उदाहरणं असणारच. ग्रॅहम मिशन प्रेसमध्ये होते, तिथे खिळे चांगले होते, पण आपण ‘मिशन प्रेसचं अक्षर’ म्हणून डोक्यावर घेत नाही. तेच शिक्षण घेतलेल्या माणसाने स्वतःचा कारखाना काढल्यावर मात्र अक्षर गावोगाव गेलं. निर्णयसागर खिळे इतर छापखान्यांनाही विकत असे, हे विसरू नका.

मोडीप्रेमी

थोडं अवांतर. बंगालमधली हकिगतही याच वळणाची आहे. १७७८ साली हुगळीला हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं. खिळे केले चार्ल्स विल्किन्सने, म्हणून त्याचा जयजयकार. त्याच्याबरोबर पंचानन कर्मकार नावाचा लोहार होता. हाच पुढे विल्यम केरी या मिशनऱ्याच्या, बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात गेला आणि तिथे नागरीचे खिळे त्याच्या हातून तयार झाले. त्याचा जावई मनोहर कर्मकारही याच कामात. केरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, त्याच्या मराठी कोशासाठी १८१० साली मोडीचे खिळे वापरले. म्हणजे मोडी लिपी पहिल्यांदा खिळ्यांत उतरली ती बंगालात.

पण बंगाली लोक आज पंचाननचं नाव अभिमानाने घेतात. आपण आरूंचं घेतो का?

टाक

मोडीचा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न. मोडीचे खिळे झाले होते तर पुढे मोडी छपाईत का टिकली नाही?

मोडीप्रेमी

टाक, मोडी मुळात हात न उचलता लिहायची. एका अक्षराचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळतो. खिळा म्हणजे प्रत्येक अक्षराची वेगळी चौकट, त्यात तो ओघ तुटतो. म्हणून शाळांची मोडी पुस्तकं पुष्कळशी शिळाछापावर निघाली, तिथे हाताने लिहिलेलं जसंच्या तसं उमटतं. छापखान्यांनी बालबोध उचलली आणि कारभाराची लिपी हळूहळू मागे पडली. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

जुनाजुळारी

थोडं जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, बाजूने. पंच कोरणाऱ्याने किती कोरायचं हे कशावर ठरतं? आपल्याकडे दोन पद्धती होत्या. ‘अखंड’ टायपात काना-मात्रा-वेलांटीसकट अक्षर एकाच खिळ्यावर. देखणं दिसतं, पण खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढतात. ‘डिग्री’ टायपात अक्षराचं अंग बुटकं, वरच्या मात्रा-रफार आणि खालचे उकार वेगळ्या बारीक खिळ्यांनी बसवायचे. प्रकार कमी, पण जुळवायला कटकट आणि मात्रा पटकन मोडतात.

इंग्रजी जुळारी दोन केसांपुढे (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांपुढे) उभा राहून काम करायचा. बालबोध जुळाऱ्याच्या भोवती केसांचा वेढा पडलेला असायचा. सगळी घरं तोंडपाठ. ‘र्त्स्न्य’ असलं काही आलं की आम्ही लेखकाचं नाव बघून ठेवायचो! संस्कृतात तर जोडाक्षरांचा सुकाळ. त्यातल्या प्रत्येक जोडाक्षराचा पंच कोणीतरी काजळी धरधरून कोरलेला आहे, आणि बारीक, मध्यम, मोठा अशा दर आकाराला तो नव्याने कोरावा लागतो. फोटो काढून लहानमोठं करायची सोय नव्हती. बारीक टायपात पोट जरा मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर शाई भरून ‘प’ आणि ‘ष’ सारखेच दिसतात. निर्णयसागरच्या ग्रंथांतल्या टीकेचा (मूळ श्लोकाखालच्या स्पष्टीकरणाचा) बारीक टाइप आजही चष्म्याशिवाय वाचता येतो तो या अकलेमुळे. ही अक्कल मालकाची की कोरणाऱ्याची?

खिळे कमी करायचा ध्यास पुढे लोकमान्य टिळकांनीही घेतला होता, त्यासाठी त्यांनी बराच खटाटोप केला.

गुटकाप्रत

काकांशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे आजीची निर्णयसागरची छोटी स्तोत्रांची प्रत आहे, तळहातात मावते. त्यातला ‘क्ष्म’ बघितला. एवढ्याशा जागेत तिन्ही अक्षरं वेगळी ओळखू येतात. फोनवर हाच ‘क्ष्म’ मी मोठा करून बघते तरी गिचमिड.

युनिकोडवाला

फोनचा विषय काढलात म्हणून. आज संगणकावर दिसणाऱ्या देवनागरीत मुंबईचा वाटा मोठा आहे. कलकत्ता-काशीकडची जुनी पुस्तकं पाहा, ‘अ’, ‘झ’, ‘ण’ वेगळेच दिसतात. मुंबई वळणाचे अ, झ, ण पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीतही स्वीकारले गेले. म्हणजे लखनौमधला मुलगा आज ‘अ’ गिरवतो तो आपल्या छापखान्यांनी रुळवलेला. उलट ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं मात्र फोनवर सहजासहजी मिळत नाहीत, कारण युनिकोडमध्ये अक्षराला क्रमांक एकच आणि फाँट बहुधा हिंदी वळणाचा. फाँटमध्ये मराठीसाठी वेगळी सोय केलेली असली आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगितलं, तरच ती दिसतात.

श्रेयाबद्दल म्हणाल तर आता परिस्थिती बरी आहे. विंडोजमधला ‘मंगल’ र. कृ. जोशींचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. फाँटच्या फाइलमध्येच कर्त्याचं नाव लिहायची जागा असते.

अनुस्वार

मराठी ‘ल’साठी मोर्चा काढायचा असेल तर मी येतो. फलक मात्र हाताने लिहा.

दगडीछाप

मूळ प्रश्नाकडे. मला हे ‘जावजी की आरू’ असं द्वंद्व वाटत नाही, पिढ्यांची साखळी वाटते.

मिशनवाल्यांनी १८१७ च्या सुमारास मुंबईत मराठी छापायला घेतलं तेव्हा खिळे कलकत्त्याकडून आणलेले होते. मोठे, जागा खाणारे. ग्रॅहमनी मिशन प्रेसमध्येच नवे पंच कोरले, अक्षर लहान आणि नेटकं केलं. त्यांच्या हाताखाली जीवनवल्लभ तयार झाले. तिथेच जावजी आले. जावजींबरोबर आरू. प्रत्येकाने आधीच्याचं अक्षर डोळ्यांसमोर ठेवून आपला हात चालवला. म्हणून मला शोधायला आवडेल ते असं: ग्रॅहमच्या ‘ग’मध्ये आणि आरूंच्या ‘ग’मध्ये नक्की काय बदललं? दांडा जाड झाला का? गाठ खाली आली का? हे समोर ठेवल्याशिवाय श्रेयाबद्दल बोलणं हवेतलं आहे.

आणि कोलभाटगल्ली यांच्या बाजूने एक मुद्दा. जावजी पैसेवाले नव्हते, घासकामापासून वर आलेले होते. आरूंनी काजळीचा ठसा समोर ठेवला की ‘हा नको, पुन्हा कोर’ म्हणायची नजर त्यांच्याकडे होती. नको म्हणता येणं हीही अक्षर घडवण्यातली अर्धी कामगिरी आहे.

जुनाजुळारी

दगडीछाप, शेवटच्या वाक्याला माझा हात वर. आमच्या म्हाताऱ्या कारागिराला छापखान्याच्या मालकाचं पटायचं नाही, पण फोरमनने ठसा परत पाठवला तर मुकाट्याने नवी कांडी घ्यायचा.

कोलभाटगल्ली

मग असं म्हणू या: पाटी जावजींची राहू दे, पण अक्षराविषयी लिहिताना आरू आणि ग्रॅहम ही दोन नावं गाळायची नाहीत. एवढ्यावर शिरोरेघाताई राजी?

शिरोरेघा

राजी. ‘तेवढ्याच मोठ्या टायपात’ हा माझा हट्ट मात्र कायम.

दगडीछाप यांची सूचना प्रत्यक्षात आणू या. ग, झ, ण, ळ आणि क्ष ही पाच अक्षरं घ्या. मिशन प्रेस, गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागर, तिघांच्या पुस्तकांतून फोटो काढून इथे टाका. निर्णयसागरची प्रत ओळखायला मुखपृष्ठ पाहा, कोलभाट लेनचा पत्ता असतो. नुसत्या अक्षरावरून ठरवू नका, कारण त्यांचे खिळे दुसऱ्यांनीही घेतलेले आहेत. १८९२ च्या आधीची प्रत मिळाली तर सर्वात उत्तम.

गुटकाप्रत

माझ्या प्रतीचं मुखपृष्ठ फाटलंय. :( पण वडिलांकडे अष्टांगहृदय आहे, ते बघते. शेजारी मोजपट्टी ठेवू का?

जुनाजुळारी

ठेवा. फ्लॅश बंद करा आणि खिडकीचा उजेड डाव्या बाजूने येऊ द्या, म्हणजे खिळ्याचा दाब कागदावर दिसेल. जमलं तर त्याच पानाची मागची बाजूही टाका.